हात कॅलमनं वर केला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि बाबांना तर — बाबांचं पुढे येईलच. इंग्रजीत सांगणं कदाचित सोपं गेलं असतं. पण ज्या दिवशी मी तोंड उघडून खोटं बोललो, त्या दिवशी मराठीत बोललो होतो. म्हणून मराठीतच सांगतो.

आधी मी काय करायचो ते सांगायला हवं, कारण तेसुद्धा कुणाला धड माहीत नसतं. मी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हौस म्हणून नाही, पगार घेऊन. नॉटिंगहॅममध्ये वाढलेला मराठी मुलगा, अंगानं दांडगा. युनिव्हर्सिटीत कुणीतरी डोक्यावर हेल्मेट चढवलं, ते उतरेपर्यंत पस्तिशी उलटली. लोकांना वाटतं, म्हणजे हा बॉल घेऊन पळायचा. कसला पळतोय! मी लाइनमधला. आम्ही पाच जण ओळीनं वाकून उभे राहायचो. समोरचे अंगावर यायचे, त्यांना अडवायचं. मागे क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा — त्याला कुणी हात लावता कामा नये. झालं काम. नीट केलंत तर कुणाच्या खिजगणतीत नाही, चुकलात तर अख्ख्या मैदानाला दिसतं. मी ओळीच्या मधोमध, सेंटर. दर वेळी बॉल माझ्याच हातातून मागे जायचा, तरी आई मॅचनंतर विचारायची, "अरे, तुला बॉल देतच नाहीत का रे ते?"

आणि त्यातही मी कुणी मोठा नव्हतो. पोलंड, ऑस्ट्रिया, जर्मनी — एक सीझन इथे, अर्धा तिथे. एखाद्या क्लबच्या सेंटरचा गुडघा गेला की मला फोन यायचा. त्याचा गुडघा बरा झाला की माझी बॅग दाराबाहेर. सारखी चिडचिड व्हायची. कुणावर चिडलोय ते मात्र कळायचं नाही. आज कळतं.

बघा, मी फिरून फिरून बोलतोय. कॅलमवर येतो.

कॅलम एडिनबराचा. ओळीत माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. पोलंडमध्ये आम्ही एकाच खोलीत राहायचो — एकच हीटर, आणि दोन माणसं मिळून चार माणसांएवढी. मग त्यानं शहाणपणा केला. खेळ सोडला, एडिनबराला एका बँकेत चिकटला. तेवढ्यात इंग्लंडमध्ये, आमच्या घरापासून तासाभरावर, एक पगार देणारा क्लब निघाला. मला घेतलं. मी कॅलमला फोन केला. ये रे, म्हटलं, परत शेजारी उभे राहू. त्यानं नोकरी सोडली आणि आला. मी बोलावलं म्हणून आला — हे लिहिताना हात अडतोय, पण ते गाळून कसं चालेल?

समोरच्यांना कुणी कुठे अडवायचं हे बॉल मागे देण्याआधी सेंटर ओरडून सांगतो. इंग्रजी इशारे समोरच्या टीमला ऐकून लगेच कळायचे. म्हणून आम्हा दोघांतले इशारे मराठी. 'डावा' म्हटलं की दोघांनी डावीकडे वळायचं, 'उजवा' म्हटलं की उजवीकडे. बाबांनीच त्याला ते म्हणायला शिकवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर. बाबा कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रिटायर झालेले, रविवारची विहारातली वंदना तेच घेतात, शिस्तीचा माणूस. पण कॅलमच्या तोंडून 'उजवा' ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तेव्हापासून प्रत्येक मॅचला यायला लागले. विहारात सांगायचे, मैदानावर मराठी चालते म्हणून.

सीझनची शेवटची मॅच. अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबचा माणूस पाहायला आलेला. मला आणि कॅलमलाही. दोघांपैकी एकाला त्यांच्या कॅम्पला, म्हणजे निवडीच्या शिबिराला, बोलावतील, असं कोचच बोलून गेला होता.

मी ओरडलो, "उजवा!" आणि बॉल मागे देता देता दिसलं — धोका डावीकडून आहे. मी डावीकडे वळलो. कॅलम, मी सांगितलं तसा, उजवीकडे. तो माझ्यावरच आदळला, आणि त्याच्या पलीकडून समोरचा गडी मोकळाच आत घुसला. क्वार्टरबॅकचा पाय त्याच्या अंगाखाली गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तोवर जे झालं ती चूक होती. चुका होतात. पण त्याच्या पुढचं?

सोमवारी फिल्म पाहायची असते. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी बसून. फिल्ममध्ये माणसं दिसतात, इशारे ऐकू येत नाहीत. पडद्यावर मी बरोबर डावीकडे वळत होतो आणि कॅलम खुळ्यासारखा उलट दिशेला जात होता. लाइनवाल्यांची एक रीत असते — दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ज्याची चूक, त्यानं कोचनं विचारायच्या आत आपणहून हात वर करायचा. कॅलम माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — वाट पाहत. कोचनं फिल्म मागे नेऊन पुन्हा दाखवली. माझा हात मांडीवर होता. उचलायला काय लागत होतं? रोज माझ्याएवढ्याच वजनाची माणसं ढकलणारा हात होता तो!

शेवटी हात कॅलमनं वर केला.

आठवड्याच्या आत त्याला क्लबनं काढलं. कॅम्पचं बोलावणं मला आलं.

मी स्वतःची समजूत घातली होती. दर रविवारी आम्ही पंचशील घेतो; त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं. मी मनात म्हणायचो, मी कुठे बोललो? मी तर गप्प बसलो. काय भारी वकिली! मग बाबांनीच एक दिवस गाडीत विचारलं, "त्या मॅचला नेमकं झालं तरी काय रे?" मी पुढच्या सिग्नलकडे बघत म्हणालो, "कॅलम चुकला, बाबा. मी डावा म्हणालो, तो उजवीकडे गेला." बाबांनी लगेच विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पुढच्या करिअरचं काय सांगू? अमेरिकेतल्या त्या कॅम्पमधून शेवटच्या छाटणीत बाहेर पडलो. दुसऱ्या एका क्लबात नुसता सरावापुरता राहिलो, खऱ्या मॅचमध्ये एकदाही उतरलो नाही. मग परत जर्मनी, परत ऑस्ट्रिया, मग गुडघा. आता बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये कॉम्प्युटरसमोर बसतो. एवढ्यासाठी केलं? असं मनात येतं, आणि स्वतःचीच किळस येते — म्हणजे मोठा खेळाडू झालो असतो तर चाललं असतं का?

पण मला सांगायचं होतं ते हे नाहीच. अजून एक आहे.

एडिनबराला परत जाण्याआधी कॅलम आमच्या घरी निरोप घ्यायला आला. आईनं जेवायला बसवलं, छोले आणि पुऱ्या. बाबांना त्याच्याबद्दल फार वाईट वाटत होतं. ते उठले, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. "डोन्ट टेक इट टू हार्ट, माय बॉय," ते म्हणाले. "माय सन हॅज टोल्ड मी एव्हरीथिंग. एनीवन कॅन मेक अ मिस्टेक. वी डोन्ट ब्लेम यू."

कॅलमचा घास हातातच राहिला. त्यानं टेबलापलीकडे माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर बाबांना तिथल्या तिथे कळलं असतं, की त्यांच्या मुलानं दोस्ताची नोकरी खाल्ली आणि वर बापाच्या तोंडून त्याला माफीही देववली. बोल, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. सुटलो असतो.

तो बाबांच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "सॉरी, काका."

माझ्या बापाची माफी मागितली त्यानं. आई म्हणाली, अरे त्याचं ताट रिकामं आहे. मी उठलो आणि त्याला पुरी वाढली.

बाबा आता थकलेत. अजून अधूनमधून विचारतात, तो स्कॉटलंडचा मुलगा काय करतो, बिचारा एका चुकीपायी खेळातून गेला. गेल्या महिन्यातही म्हणाले. मी "हो ना" म्हणालो.

मी 'उजवा' म्हणालो होतो. कॅलम बरोबर गेला होता.