बाटली दिसली की

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा दारुडा होता. तो मरून खूप वर्षं झाली, तरी त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही. आरमोरीजवळ त्याची धानाची चांगली शेती होती.

पन्नास सालानंतरच्या एका पावसाळ्यात त्यानं दारू सोडली. म्हणजे तसं जाहीर केलं आणि पाळायचं काम घरच्यांवर टाकलं. "दिसली नाई तं मले आठवत बी नाई," तो म्हणायचा. "दिसली का मंग माह्या हाती काई राह्यत नाई."

मग बहिणीनं घरातल्या सगळ्या काचेच्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. त्याचा पितळी पेलाही लपवला, कारण पेला पाहिला तरी साहेबांच्या तोंडाला पाणी सुटे. बाजाराला जाताना गुत्ता दिसू नये म्हणून त्याला तलावाच्या पाळीवरून, बांधाबांधानं लांबून न्यायचं. ज्यांची दारू गाळतात ती मोहफुलं उन्हाळ्यात वाळवायची तीही शेजारणीच्या अंगणात. एवढा मिशावाला बाप्या, आणि झापडं बांधलेल्या घाण्याच्या बैलासारखा बायकोमागं चालायचा. लाज तर नव्हतीच. उलट आल्यागेल्याला आपला निग्रह ऐकवत बसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीला पाहायला पाहुणे आले. हाताखाली म्हणून मीही गेले होते. संध्याकाळच्या कंदिलासाठी आणलेलं घासलेट बहिणीच्या सासूनं माळ्यावरच्या एका बाटलीत ओतलं आणि बाटली खिडकीत ठेवली. पाहुण्यांशी बोलता बोलता त्याची नजर तिकडं गेली. बोलणं अर्ध्यात तुटलं. तो ओठ चाटू लागला. वास घ्यायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही. उठला, बूच काढलं आणि घोट घेतला.

खोकत खोकत पाहुण्यांसमोरच ओकला. पाहुणे चहा न घेता उठून गेले.

डोळे पुसत तो माझ्या बहिणीवर गुरकावला, "बाटली इथी कोनं ठेवली? माह्या नजरेले पडू देऊ नको म्हनून सांगतलं होतं ना तुले?"

बहीण माळ्यावर चढली, सगळ्या बाटल्या आणि तो पेला खाली आणून त्याच्यापुढं मांडला.

"मी आता काई लपवत नाई," ती म्हणाली. "डोळे तुमचे हायेत, तुमीच सांभाळा."

तो सरळ रस्त्यानं गुत्त्यावर गेला. पुढच्या पावसाळ्यापासून शेतीचा सगळा कारभार बहिणीनं हाती घेतला. पुढं नणंदेसाठी नागभीडकडचं स्थळही तिनंच शोधलं. लग्नाच्या दिवशी नवरीचा भाऊ मांडवात नव्हता. कुणी त्याला शोधायला गेलं नाही.