झोपाळ्यावरची बाय-टू

१८ जानेवारी २०२५, शनिवार. रुपये ४,७२०, जीएसटी धरून. जे. पी. नगरातल्या येसाजीअण्णांच्या घरात भूत आहे की नाही, हे तपासण्याची ही फी. मारतहळ्ळीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, नयनाने ती भरली. पावती माझ्याकडे ठेवली, कारण मी शेजारी आणि कागद जपणारा.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात लेथ चालवली. हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्याही त्यांनी स्वतःच घडवल्या. पत्नी कृष्णाबाई जाऊन दोन वर्षं झाली. डिसेंबरात वरचा भाडेकरू घर सोडून गेला. जाताना नयनाला म्हणाला, "अंकल एकटेच असतात, पण रोज चार वाजता झोपाळा कुरकुरतो, बोलणं ऐकू येतं, आणि धुवायला ग्लास दोन पडतात."

घरात भूत असो की बाबांच्या डोक्यात बिघाड, नयनाचा निर्णय एकच होता. महिनाअखेर घर बंद, बाबा मारतहळ्ळीला.

तपासायला कावेरी नावाची तरुण मुलगी आली. अण्णा तिला कन्नडात म्हणाले, "लाव की कॅमेरा. फक्त चार वाजता आम्ही कॉफी घेतो, तेव्हा मध्ये येऊ नकोस."

"आम्ही म्हणजे?"

"दोघं."

कावेरीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. यंत्रांनी काहीच दाखवलं नव्हतं. कॅमेऱ्यात मात्र अण्णांनी एक कॉफी दोन ग्लासांत ओतली होती, हॉटेलात बाय-टू करतात तशी. झोपाळ्याच्या उजव्या टोकाला बसून, डावी बाजू मोकळी ठेवून, ते पायाने झोका देत बोलत होते.

"सर, हे मराठी ना? काय म्हणतात?"

मी ऐकलं. "गॅस आला गं. नयना म्हणते, तिकडं चला. सोळावा मजला. तुला तर लिफ्टची भीती. बरं, सरी, बघू." मग दुसरा ग्लासही त्यांनीच उचलला. "निवली बघ तुझी."

मी तसाच त्यांच्याकडे गेलो आणि नेहमीप्रमाणे कन्नडात विचारलं, "अण्णा, अक्का दिसतात तुम्हाला?"

ते मराठीत उत्तरले, "खुळा का काय तू? श्रीरंगपट्टणला तिच्या अस्थी मीच सोडल्या."

"मग बोलता कुणाशी?"

"मराठी बोलायला उरलंय कोण? नातवंडं इंग्लिश, गल्ली कन्नड. तू भिंतीपलीकडचा मराठी, तीस वर्षं माझ्याशी कन्नडात बोलतोस. रोज स्वल्प बोललो नाही तर तोंड गंजेल, पद्माकरा."



रविवारी नयना आली. तिने रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं.

"बाबा, हे सगळं मला का नाही सांगत?"

"तू विचारतेस, गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली. मग तुझी मीटिंग."

ती झोपाळ्याजवळ घुटमळली. "इथं बसू?"

"बस की. ती सरकून घेईल."

नयना हसली आणि रडलीही. घर बंद करायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. आता रोज चार वाजता तिचा फोन येतो, आणि गोळीचं ती शेवटी विचारते. कावेरीचा अहवाल एका ओळीचा आला: घरात एक माणूस आढळला.

पुढच्या शनिवारी अण्णा आणि मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. तासभर मराठीत बोललो. माझेच शब्द अडत होते. बाय-टू कॉफी, तीस रुपये. पैसे अण्णांनी दिले. माझ्या वाट्याचे पंधरा रुपये देणे बाकी आहे.