मावतो की नाही

टेलरबाईंकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांनी माझा फोन टेपने मोजायला घेतला तेव्हा. निवृत्तीनंतरची पहिली पँट शिवायला टाकली होती. कंबर झाली, उंची झाली, मग म्हणाल्या, "सर, फोन काढा." मला वाटलं, कुणाला तरी लावायचा असेल. त्यांनी तो उलटापालटा करून लांबी, रुंदी, जाडी वहीत लिहून घेतली.

"पूर्वी खिसा हाताच्या मापाचा शिवायचे. आता याच्या मापाचा शिवावा लागतो. आणि हा दर वर्षी वाढतोय, तुमच्या वर्गातल्या पोरांसारखा."

दुकान एका खोलीचं. दोन मशीन, कापायचं टेबल, भिंतीवर टांगलेले कागदी नमुने, आणि त्या नमुन्यांत फोनच्या आकाराचे पुठ्ठेही. दुसऱ्या मशीनवर बाईंची धाकटी नणंद काजं-बटणं करायची.

नवे फोन घेणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मोठा ग्रुप होता. तिथे लोक कॅमेरा आणि बॅटरीवरून हातघाईवर यायचे. बाई लिहायच्या ते एकच: खिशात मावतो, किंवा मावत नाही. कधीकधी जोडीला, "बसल्यावर मांडीला टोचतो." हातात धरून गेम खेळायचं एक नवं यंत्र आलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "पिशवीतूनच न्या. खिशात घालून वाकलात तर उसवलेली पँट माझ्याकडे आणू नका." लोक आधी हसले, मग नवा फोन आला की बाईंनाच विचारायला लागले. गंमत अशी की बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा. ग्रुपवर त्या नणंदेच्या फोनवरून, नणंदेच्याच नावाने लिहायच्या.

आपल्या फोनवर त्या एकच गेम खेळायच्या. वरून ठोकळे पडतात, ते फट न ठेवता बसवायचे.

"दिवसभर कापड बेतताच की. वर हाच खेळ?" मी एकदा विचारलं.

"कापड चुकलं की गेलं, सर. इथे चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जिवाला बरं वाटतं."

पुढे त्यांना हॉस्पिटलच्या तीस नर्सच्या कोटांचं काम मिळालं. सगळ्यांना हॉस्पिटल एकाच जातीचा नवा फोन देणार होतं, तो बाजूच्या खिशात बसायला हवा होता. फोन अजून बाजारात आला नव्हता. घाई होती, म्हणून बाईंनी कंपनीने छापलेली जाडी घेतली, ग्रुपवर लिहिलं "मावतो", आणि त्याच मापाने तीसही खिसे कापले. कॅमेऱ्याचा उंचवटा कंपनीने त्या जाडीत धरलाच नव्हता.

कोट गेले, फोनही आले, आणि मुख्य सिस्टर कोट घालूनच दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी तिथेच होतो.

"बाई, हा आत जातो, पण बाहेर येत नाही. काल पेशंटपाशी वाजायला लागला. दोन्ही हातांनी ओढला तर खिसाच फाटला. पेशंट हसला, तेवढंच काय ते बरं झालं."

"चार दिवसांत सगळे नीट करून देते," बाई म्हणाल्या. सिस्टर गेल्यावर मात्र बाई स्टुलावर बसल्या. "कोटांचं मी निस्तरेन हो. पण ग्रुपवर दोघा टेलरांनी माझं वाचून याच फोनसाठी काम धरलंय. परगावचे लोक. त्यांनी कात्री लावली असेल तर?"

नणंद म्हणाली, "वहिनी, पुसून टाका ना ते. तिथे चुकलं म्हणून कोणी सांगत नाही. आणि शिव्या बसतील त्या माझ्या नावाला!"

"पुसलं तर त्या दोघांना कळणार कसं, अगं?"

लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शिक्षकी वळणाने सुरुवात केली, "अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल..." बाईंनी तिथेच थांबवलं. "अनवधान कसलं, सर? मी मोजलंच नाही. तसं लिहा." मग तसंच लिहिलं: "मी हा फोन न मोजता मावतो म्हणाले. मावत नाही. कोणी कापड कापलं असेल तर मला कळवा."

अपेक्षेप्रमाणे टोमणे आले. "ताई, आधी स्वतःच्या चष्म्याचं माप घ्या," असं एकाने लिहिलं. ते वाचून नणंद दिवसभर फुरंगटून बसली. बाई उसवत होत्या, मीही एक ब्लेड घेऊन उसवायला बसलो. दर दहा मिनिटांनी बाई विचारायच्या, "आलं का काही?"

दुपारी एका टेलरचं उत्तर आलं. त्याने अजून कात्री लावली नव्हती. दुसऱ्याचं यायला संध्याकाळ झाली. मी मोठ्याने वाचलं, "बारा कापले आहेत. खिसा वरून जोडून वाढवता येईल. किती वाढवू? तुम्ही सांगाल तेवढा वाढवतो."

बाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग उठल्या, हॉस्पिटलमध्ये जाऊन मुख्य सिस्टरांचा फोन मागून घेतला आणि उंचवट्यावरून धागा गुंडाळून तिथल्या तिथे कापला. धागा टेपवर ठेवून आलेलं माप त्याला कळवलं. खाली नणंदेने आपणहून लिहिलं, "तुम्हीही आपापले फोन असेच धाग्याने मोजून कळवा. वहिनी वहीत लिहितील." दोन दिवसांत अकरा जणांनी मापं पाठवली. चष्म्यावरून टोमणा मारणाराही त्यांत होता.

असल्या ग्रुपांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. रिकामटेकड्यांचा गोंगाट, असं मी स्टाफरूममध्ये पुष्कळदा म्हटलं आहे. ते मी आता म्हणत नाही.

तीस कोट चौथ्या दिवशी गेले. आता दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना अशा आलेल्या मापांनी कापलेले दीडएकशे धागे लटकतात, प्रत्येकाला फोनच्या नावाची चिठ्ठी. दुकान उघडलं की बाई अर्धा तास नणंदेच्या फोनवरून ग्रुपला उत्तरं देतात. त्यांचा स्वतःचा फोन अजून बटणांचाच आहे.