वहिनींचे हात

सुमनवहिनींकडे माझ्या गप्पा अगदी रंगात आल्या होत्या. एवढ्यात चार वाजले. वहिनी उठल्या, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुऊ लागल्या. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत. एखादा सर्जनही लाजला असता!

माझ्या मित्राचं, त्यांच्या नवऱ्याचं, डायलिसिस घरीच चालायचं. रोज चार वाजता पोटातल्या नळीला औषधाच्या पाण्याची पिशवी जोडताना जंतू जाऊ नयेत, म्हणून हा सगळा बंदोबस्त. त्या वेळी मलाही मास्क बांधून गप्प बसवत. माझ्यासारख्या बडबड्याला जन्मठेपच ती!

पण मित्राला जाऊन आता वर्ष होत आलं.

"वहिनी, आता हे कुणासाठी?" मी हसून विचारलं.

"बसा हो भावजी. घटकाभर उकडलं तर विरघळणार नाही तुम्ही."

मग ओले हात तसेच वर धरून त्या हळूच म्हणाल्या, "शेवटी त्यांच्या पोटात जंतू गेला ना, तो माझ्या हातून गेला का हो?"

आमचं मंडळ किडनीच्या संशोधनाला देणग्या देतं. मी ऐटीत अर्ज निवडतो. यंत्रांना पैसे दिले, औषधांना दिले. पण घरी पिशवी जोडणाऱ्यांच्या मनाला काय कुरतडतं, ते विचारायला निघालेल्या एका मुलीचा अर्ज "यात शास्त्र कुठंय?" म्हणून मीच बाजूला टाकला होता.

वहिनी उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.