काकी आणि डिस्क्रीट मॅथ्स

स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी विचारतंच, "काय सर, आज वर्गात काय झालं?" इतिहासवाल्यांना कुणी विचारत नाही, कॉमर्सवाल्यांना विचारत नाही. मलाच! कारण माझा विषयच तसा आहे. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. नाव ऐकून घाबरू नका. मोजणं, तर्क, नाती आणि रस्ते, एवढंच असतं त्यात. आता या चार गोष्टींवर आपल्या अलिबागकडच्या माणसाला आधीपासूनच मत असतं, आणि ते पुस्तकाशी जुळत नाही. म्हणून किस्से साचतात. मी लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही.

*

पहिल्याच आठवड्यात पिजनहोल प्रिन्सिपल येतं. कबुतरं जास्त आणि खुराडी कमी असली, तर एका खुराड्यात किमान दोन कबुतरं. कबुतरं कोण बघतंय, म्हणून मी म्हटलं, "समजा सिक्स सीटर रिक्षा आहे. सीट सहा, पॅसेंजर सात. मग काय होईल?"

अपेक्षित उत्तर, एका सीटवर दोघं बसतील.

उरणकडचा जितेश उभा राहिला. आजोबांची मिठागरं होती, आता घरात ट्रक आहेत. पोरगा अंगाने दांडगा आणि स्वभावाने अगदी गरीब. म्हणाला, "काय न्हाय होनार, सर. रिक्षा उभीच राहील. अकरा भरल्याबिगर तो निघतच न्हाय!"

त्या वर्षी कबुतरं परत आणली.

*

याच जितेशला मी शॉर्टेस्ट पाथ विचारला होता. फळ्यावर रायगडचा नकाशा काढला, गावांना ठिपके, रस्त्यांवर किलोमीटर. तळा गावाहून उरणला ट्रक न्यायचाय, सगळ्यात जवळचा रस्ता सांग. याने हायवे सोडून ट्रक आत वळवला आणि पालीला नेला!

म्हटलं, "अरे, वाट वाकडी करून पालीला कशाला?"

"गाडी नवी आसंल तर पयला बल्लालेश्वराला नारळ. मंग धंदा."

"आणि जुनी असेल तर?"

"मंग हायवे. पन सर, गाडी नवी का जुनी, त्ये तुमी प्रश्नात लिवलंच न्हाय."

त्याला पूर्ण मार्क दिले.

*

मुरुडकडचा तौसिफ. घरातले अर्धे पुरुष मासेमारीत आणि अर्धे आखातात. फंक्शन शिकवताना मी म्हटलं, "फंक्शन म्हणजे एक वस्तू आत टाकली की एकच उत्तर बाहेर. घरातल्या माणसाचं नाव टाका, तुमचं त्याच्याशी नातं बाहेर येईल. झालं फंक्शन!"

तौसिफचा हात वर. "नही सर, नाही होणार. शबाना टाका. ती माझी खाला पण आहे आणि चाची पण."

"दोन्ही कशी?"

"अम्मीची बहीण, चाचाची बायको. दोन भावांनी दोन बहिणी केल्यात. सर, आमच्या मोहल्ल्यात तुमचं हे फंक्शन एक दिवस पण चालणार नाही!"

फंक्शन कशाला म्हणत नाहीत, याचं याहून चांगलं उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही. दरवर्षी तेच देतो. शबानाखालांना अर्थातच याची कल्पना नाही.

*

आता काकींकडे येतो.

काकी म्हणजे सुरेखा म्हात्रे. नागावला त्यांचा होमस्टे आहे, चार खोल्या आणि मागे नारळाची वाडी. बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालं, आणि मुलगा कॉलेजला गेल्यावर यांनीही ॲडमिशन घेतली. वर्गातली पोरं काकी म्हणायला लागली, मग मीही. माझ्यापेक्षा त्या चार वर्षांनी लहान आहेत, हे मला फार उशिरा कळलं!

तीन वर्षांचे सगळे पेपर या बाईने सोडवले. अडकला फक्त माझा, पहिल्या वर्षाचा. पहिल्या खेपेला एका प्रश्नाशी पाऊण तास भांडत बसल्या. दुसऱ्या खेपेला पेपरच्या आदल्या दिवशी पुण्याचे चौदा पाहुणे न कळवता आले. तिसरी खेप शेवटची होती, कारण पुढे अभ्यासक्रम बदलणार होता आणि जुना पेपर बंद. गावच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा त्यांच्यासाठी थांबवून ठेवली होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, "जूनपर्यंत मार्कशीट आणा. नंतर आमच्या हातात नाही."

म्हणून काकी माझ्या परवानगीने परत पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसायच्या. तोच विषय, तिसऱ्यांदा. सकाळचे नाश्ते उरकून, अंगाला पोह्यांच्या फोडणीचा वास घेऊन.

*

पहिल्या खेपेला त्या भांडल्या तो प्रश्न असा होता. आठ माणसं गोल टेबलाभोवती किती प्रकारे बसू शकतील? काकींनी लिहिलं, "सासरे दाराकडे तोंड करूनच बसतात, ते हलणार नाहीत. राहिले सात. ते कसेही बसोत. म्हणून सात फॅक्टोरियल, पाच हजार चाळीस."

उत्तर बरोबर! पुस्तकात पण हेच करतात, एकाला जागेवर बसवायचं आणि उरलेल्यांना फिरवायचं. फक्त पुस्तकाला ते समजवायला दीड पान लागतं, कारण पुस्तकाला सासरे नसतात.

"मग पाऊण तास कशात गेला हो, काकी?" मी नंतर विचारलं.

"अहो, जाऊबाई सासूबाईंच्या शेजारी बसणार नाहीत ना! ते वजा करायचं की नाही, तेच कळेना."

*

लॉजिकमध्ये एक जागा अशी आहे की तिथे पोरं दरवर्षी अडखळतात. "असं झालं तर तसं होईल" या वाक्यातलं "असं" झालंच नाही, तर पूर्ण वाक्य खरं धरायचं. मी तीनतीनदा समजावतो, आणि पोरं तोंडाकडे बघत बसतात.

त्या दिवशी काकी म्हणाल्या, "सर, आमचे मिस्टर दरवर्षी म्हणतात, सीझन चांगला गेला तर तुला दुबई दाखवतो. आणि दरवर्षी मेमध्ये म्हणतात, यंदा काही खरं नाही. सीझन चांगला गेलाच नाही, म्हणजे ते खोटं बोलले असं नाही?"

"नाही. लॉजिकप्रमाणे त्यांचं वाक्य खरंच आहे."

काकींनी वही मिटली. "म्हणजे लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हा माणूस एकदाही खोटं बोललेला नाही!"

वर्ग पाच मिनिटं शांत होईना. पुढच्या आठवड्यात अलिबागच्या बाजारात म्हात्रे मला भेटले. हातातली पापलेटं सांभाळत म्हणाले, "सर, शिकवा हो काय शिकवायचं ते, पण जरा बेताने. घरी जगणं मुश्किल झालंय."

*

आता शेवटच्या परीक्षेचं. हे सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगतो.

पहिल्या वर्षाचा पेपर आमच्याकडे मीच काढतो आणि मीच तपासतो. त्यात आठ मार्कांचा एक प्रश्न होता. दोनाचा एनवा घात एनच्या वर्गापेक्षा मोठा असतो, हे इंडक्शनने सिद्ध करा. म्हणजे पहिल्या आकड्याला खरं दाखवायचं, मग एका आकड्याला खरं असेल तर पुढच्यालाही खरं, हे दाखवायचं. हे गणित पाचापासून पुढे खरं आहे, आणि दरवर्षी मी "एन पाच किंवा अधिक" असं लिहितो. या वेळी ते लिहायचं राहिलं. पेपर टाइप केला मी, तपासला मी, प्रूफही वाचलं मी!

परीक्षेत काकींनी हात वर केला. सुपरव्हिजनला कॉमर्सचे जोशी सर होते.

"सर, प्रश्न चुकलाय."

जोशी सरांनी पेपर वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. म्हणाले, "प्रूव्ह करा असं छापलंय ना? मग करा की प्रूव्ह. उगाच वेळ घालवू नका."

मी घरी पेपर तपासायला बसलो. भराभर चाललं होतं. इंडक्शनचा प्रश्न सगळ्यांनी गाईडमधला उतरवलेला, फक्त पाचाच्या जागी एक. एकला खरं, समजा के ला खरं, म्हणून के अधिक एकला खरं, सिद्ध! आठपैकी आठ. सव्विसाव्या पेपरपर्यंत माझं लाल पेन कुठेही अडखळलं नाही.

सत्ताविसावा काकींचा. अक्षर तीन वर्षांच्या ओळखीचं. बाकी पेपर इंग्रजीत, आणि या प्रश्नाखाली चक्क मराठी.

"एन तीन घेतला. डावीकडे दोन त्रिक सहा, नव्हे, दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. उजवीकडे तीन त्रिक नऊ. आठ नवापेक्षा मोठे नाहीत. मी तीनदा करून बघितलं. गाईडमधलं उत्तर मला तोंडपाठ आहे आणि ते लिहिलं नाही तर मी बहुतेक नापास होईन. पण उद्या शाळेत पोरांसमोर उभं राहायचंय. आठ नवापेक्षा मोठे असं माझ्या हाताने लिहवत नाही. क्षमा असावी."

मी कागदाच्या कोपऱ्यावर दोनाचा घन केला. आठ. तिनाचा वर्ग केला. नऊ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुकीची लाज होतीच, पण त्याहून जास्त त्या "क्षमा असावी"ची.

काकींच्या बाकीच्या प्रश्नांची बेरीज केली. चौतीस. पास व्हायला चाळीस.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलसमोर जाऊन कबूल केलं. सरांनी नियमांची फाइल काढली. "प्रश्न चुकीचा असेल तर ज्यांनी ज्यांनी तो अटेम्प्ट केलाय, त्या सगळ्यांना पूर्ण मार्क. चला, मिटलं!"

"आणि म्हात्रेबाई?"

सरांनी काकींचा पेपर वाचला आणि मान हलवली. "यांनी अटेम्प्ट कुठे केलाय हो? यांनी तर लिहवत नाही म्हणून लिहिलंय."

"सर, वर्गात खरं लिहिणारी ही एकटी आहे!"

"ते मला दिसतंय. नियमात दिसत नाही ना! असं करा, तपासलेले पेपर पुन्हा बघायला मॉडरेटर मॅडम दुपारी येतायत. त्यांना ठरवू दे."

मॅडम पनवेलहून आल्या. रिटायरमेंटला आलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी चहाही घेतला नाही. मी चूक सांगितली, सरांनी नियम सांगितला. मॅडमनी आधी काकींचा पेपर वाचला. मग उरलेले एक्केचाळीस मागवले, आणि तोच एक प्रश्न एकेका पेपरात उघडून बघत राहिल्या. एकला खरं, सिद्ध. एकला खरं, सिद्ध. मी तासभर त्यांच्या पेनकडे बघत उभा होतो.

शेवटचा पेपर मिटून त्यांनी काकींच्या पेपरवर हिरव्या पेनाने आठ लिहिले, सही केली, आणि तो एकटा बाजूला ठेवला. मग उरलेला गठ्ठा प्रिन्सिपलसरांकडे सरकवून म्हणाल्या,

"ही बाई पास आहे. आता खोटं सिद्ध करणाऱ्या या एक्केचाळीस जणांना कुठल्या नियमाने मार्क द्यायचे, ते तुम्ही दोघं मला सिद्ध करून दाखवा!"