आजी, जेवा

काल कामावरून परतताना पाय नुसते भरून आले होते. जिन्यात शेजारच्या खोलीचं दार उघडं दिसलं. व्हिएतनामहून पुण्याला पाली शिकायला आलेली लान भाताच्या वाडग्यापुढे एकटीच पुटपुटत होती.

"प्रार्थना का गं?" मी विचारलं.

"नाही काकू. आमच्यात धाकट्यांनी एकेका मोठ्याला 'जेवा' म्हणायचं, मगच घास घ्यायचा. आजी, जेवा. आई, जेवा."

तिकडे त्यांची जेवणं केव्हाच उरकली असणार. शिकायला दूर गेलेली पोरं बॅगेत न मावणारं काय काय सोबत नेतात!

लानने अजून घास उचलला नव्हता. दारात मी उभी होते ना.

"काकू, जेवा," ती म्हणाली.

लेक परदेशी शिकायला गेल्यापासून मी ओट्याशी उभ्या उभ्याच दोन घास गिळते. काल ताट वाढून घेतलं आणि बसून जेवले.