एक नंबर उजवीकडे

छापखान्यात कार्ड म्हटलं की लग्नाचंच. म्हणून चाचा म्हणाले, "बेटी, कार्ड तूच पसंत कर," तेव्हा मी नमुन्यांचा अल्बम काढायला उठले.

"ते नक्को! कंप्युटरचं. तीन स्क्रीन चालवायचं."

मी पुन्हा खाली बसले. चाचा म्हणजे आमचे मालक, शहागंजजवळच्या या छोट्या छापखान्याचे. मी आठवीत शाळा सोडली, गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून इतक्या लांब आले आणि त्यांच्याकडेच मराठी टायपिंग शिकले. मुकुंदवाडीतल्या खोलीचं भाडं भरते ते याच हातांच्या जोरावर. पण कंप्युटरच्या पोटात काय असतं, हे मला काय ठाऊक?

तोंड मात्र मीच उघडलं होतं. आमच्या पत्रिका दोन लिपींतल्या. उर्दू चाचा करतात, मराठी मी, आणि दोन्ही एकाच स्क्रीनवर आळीपाळीनं उघडायच्या. एका पत्रिकेत चाचांनी जेवणाची वेळ उर्दूत सहाची आठ केली, माझ्याकडं मराठीत सहाच राहिले. मराठी वाचून आलेली अजिंठ्याकडची पाहुणे मंडळी जेवणाच्या मोठ्या देगा चुलीवर चढायच्या आधीच हॉलवर हजर. चाचा मला एक शब्द बोलले नाहीत. उलट स्वतःच जाऊन मुलीच्या बापाची माफी मागून आले. ते न रागावणं मला फार लागलं. मी म्हणाले, "चाचा, उर्दू, मराठी आणि तयार पत्रिका, तिन्ही एकदम डोळ्यांसमोर असत्या तर असं झालं नसतं."

"मग आण ना डोळ्यांसमोर," ते म्हणाले. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून दोन जुने मॉनिटर त्यांनी उचलूनही आणले. आता आमच्याकडं तीन मॉनिटर होते आणि कंप्युटरला मागे वायर जोडायला जागा दोघांचीच. तिसऱ्यासाठी ग्राफिक कार्ड लागणार होतं. ते चुकलं असतं तर चाचा तेव्हाही रागावले नसते, आणि मला पुन्हा कधी काही विचारलंही नसतं. मला भीती होती ती याची.

पैठणगेटकडच्या दुकानात गल्ल्यावर एक ताई बसल्या होत्या. मी मोबाइलमधले फोटो दाखवले, कंप्युटरची पाठ आणि तिन्ही मॉनिटरच्या पाठी. कागद मोजायच्या पट्टीनं कंप्युटरच्या डब्याची रुंदीही मोजून नेली होती. काचेत एक मोठं कार्ड होतं, दोन पंख्यांचं, लाल दिव्यांचं. मी त्याच्याकडंच बघत राहिले.

"गेम खेळता का?" ताईंनी विचारलं.

"नाही. लग्नपत्रिका करतो."

"मग त्या पंख्यांचं काय लोणचं घालायचंय? ते लई वीज खातंय. तुमच्या बारक्या डब्यात मावायचं बी नाय."

"पण जीबी जास्त आहे ना त्यात?"

"जीबी राहू द्या. तोंडं मोजा." त्यांनी दाखवायला ठेवलेलं एक पातळसं कार्ड हातात दिलं आणि तसल्याच कार्डाचं बंद खोकं पुढं ठेवलं. त्याला मागं मॉनिटरच्या वायरी लावायची तीन वेगवेगळी तोंडं होती. "आता आयका. काही कार्डांना तोंडं तीन असत्यात, पण एका टायमाला बोलत्यात दोनच. म्हणून खोक्यावर वाचायचं, किती स्क्रीन एकदम चालत्यात ते."

इंग्रजी मी एकेक अक्षर जोडून वाचते. ताई थांबल्या. घाई केली नाही, वाचूनही दिलं नाही. एका ओळीत मला तीनचा आकडा सापडला. "हे?"

"व्हय. हेच."

हातातलं कार्ड म्हणजे पंज्याएवढी पाटी. तिच्यावर मुंगीच्या अंड्यांसारखे ठिपके आणि केसाहून बारीक रेघा. आमच्याकडं नक्षीची पत्रिका छापताना एक रेघ हलली तर चाचा अख्खा गठ्ठा बाजूला काढतात. इथं तर शेकडो रेघा, आणि एकही चुकून दुसरीला शिवलेली नव्हती. कुणी आखल्या असतील? कुठल्या हातांनी? ताई म्हणाल्या, "खोकं उघडलं की परत घेत नाय बरं," तेव्हा कुठं मी भानावर आले.

मोठ्या कार्डाच्या मानानं ते खूपच स्वस्त होतं. चाचा खूश झाले. दुपारी ताईंकडचा माणूस येऊन कार्ड बसवून गेला आणि मॉनिटर आम्ही टेबलावर मांडले. चाचा म्हणाले, "एक नंबर उजवीकडे." बरोबरच होतं. उर्दू उजवीकडून सुरू होते, तर पहिली स्क्रीन उजवीकडेच हवी. मधे दोन नंबर, डावीकडे तीन. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं आणि तिन्ही स्क्रीन उजळल्या.

मग मी माउस हलवला. उजव्या स्क्रीनवरून डावीकडं ढकलला तर बाण कडेला अडला, जणू भिंत लागली. पुन्हा ढकलला, पुन्हा अडला. घाबरून उजवीकडं ओढला, तर उजवीकडून बाहेर पडून मधल्या स्क्रीनच्या डाव्या कडेतून आत आला.

खोकं तर उघडून झालेलं. मी फोन लावला. "ताई, कार्ड उलटं निघालं."

सगळं ऐकून घेतल्यावर त्या इतक्या हसल्या, की चाचांनाही ऐकू गेलं. "अहो, कार्ड सरळच हाय. तुमचं टेबल उलटं हाय! त्या मशीनला वाटतंय एक नंबर डावीकडं. सेटिंगमधी तीन चौकोन दिसत्यात का? एक नंबरचा धरा आन् उजव्या टोकाला नेऊन ठेवा. तीनचा डाव्या."

धरला, ठेवला. मग माउस हलवला. बाण उर्दूतून निघाला, पत्रिकेवरून गेला आणि माझ्या मराठीत येऊन थांबला. मधे कुठं सांधा नाही, अडखळणं नाही. चाचा उभेच राहिले होते. "कैसा गया, देख," एवढंच हळू म्हणाले, आणि तो बाण इकडून तिकडं नेत राहिले. मी मागे उभी राहून बघत होते. दोन लिपी, दोन दिशा, आणि एवढ्याशा पाटीला त्याचं काहीच नाही. आम्ही जसं मांडू तसं ती मानत होती.

चार-पाच दिवसांनी चितेगावहून एका छापखानेवाल्याचा चाचांना फोन आला. त्यालाही तीन स्क्रीन करायच्या होत्या. चाचा म्हणाले, "थांबा, आमच्या मॅडमला देतो."

मी दाराकडं बघितलं, कोण मॅडम आली म्हणून. चाचांनी फोन माझ्या हातात ठेवला.

"अहो, मी आठवी..." मी कुजबुजले.

"हौ, मालूम आहे. बोल तू."

पलीकडचा माणूस वाट बघत होता. मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "आधी तुमचे मॉनिटर मागून बघून या."

"हो मॅडम, एक मिनिट," तो म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या शब्दावर एक माणूस उठून बघायला गेला होता.